आधी तार

"आणि वैजूच्या वडिलांनी सॅलरी स्लिप मागितली तर काय दाखवू, चाचा?"

मिरजेत कासमचाचांच्या हाताखाली उमाकांत सात वर्षं तंबोरे घडवत होता. आपल्यासारखा हात गावात दुसऱ्या कुणाचा नाही, असं तो स्वतःच सांगत फिरे. आज त्याच हाताला घाम सुटला होता.

चाचा घोडी घासत राहिले. तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात ती ही पट्टी. ती नेमकी घासली गेली की सूर गुंजायला लागतो. त्याला म्हणतात जवारी लागणं.

"पुण्याच्या कंपनीला उद्या होकार कळवायचाय. वैजूचे वडील रविवारी लग्नाचं बोलायला येणार. नोकरी धरली तर हे काम सुटलं. नाही धरली तर वैजू..."

चाचांनी घोडीवरचा भुसा फुंकला.

"भीती वाटते, चाचा."

चाचांनी घोडी त्याच्यापुढे ठेवली. "जवारी लाव."

"तारा कुठायत?"

"तारांशिवाय लाव."

एवढ्या धास्तीतही उमाकांतला हसू आलं. "तार चढवल्याशिवाय कुठं घासायचं ते कळणार कसं? उगाच घासत बसलो तर घोडी वाया जायची."

"चढवली आणि बेसूर निघाली तर?"

"उतरवायची. घासायची. पुन्हा चढवायची."

"भ्या नाही वाटत?"

"त्यात कसलं भ्या..."

त्याने हातातल्या घोडीकडे पाहिलं.

चाचांनी चष्मा काढला. "पोरगी काय म्हणते?"

"कशाबद्दल?"

"ह्या सगळ्याबद्दल. नोकरी, तंबोरे, तुझी भीती."

"तिला अजून... म्हटलं, आधी माझं काहीतरी ठरू दे. मग ताठ मानेनं सांगीन."

"किती दिवस झाले?"

"सहा महिने."

वैजू पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत शिकवायची. शाळा सुटल्याची घंटा इथवर ऐकू आली आणि उमाकांतने दाराकडे पाहिलं. वडिलांसाठी त्याने उत्तरं घोकून ठेवली होती. तिच्यासाठी एकही नव्हतं.

"आणि ती नाही म्हणाली तर, चाचा?"

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. उंबऱ्याबाहेरच्या उमाकांतच्या चपला त्यांनी वाकून उचलल्या आणि रस्त्याकडे तोंड करून नीट मांडल्या.

"चाचा, हे काय... माझ्या चपला..."

"आधी तार चढव."