साधूच्या रांजणातली शिल्लक

एक होता राजा. पृथुसेन त्याचं नाव, आणि काटकसर त्याचा जीव की प्राण, बरं का! पैसा सोडायचा म्हटलं की तो थैलीची गाठ आणखीच आवळायचा.

मग काय केलं त्यानं? आधी रस्त्यावरच्या दिव्यांचं तेल बंद केलं. मग पहारेकऱ्यांची भाकरी बंद केली. मग वेशीवरच्या कुत्र्यांचा घासतुकडासुद्धा थांबवला, मेल्यानं! वाचलेला पैसा खजिन्यातल्या रांजणात टाकत गेला. रांजण होता एका साधूनं दिलेला.

आणि नगरात चोऱ्या सुरू झाल्या! आधी कासाराचा हंडा गेला. मग सोनाराची पेटी गेली. मग काय व्हावं? खुद्द राजकन्येच्या पायातले चांदीचे वाळे गेले! पोर जागी झाली, तर पाय बोडके. राजाला धक्काच बसला. चोर लेकीच्या उशापायथ्याशी येऊन गेला होता हो!

राजानं म्हाताऱ्या पहारेकऱ्याला, गेनबाला बोलावलं. चोरीच्या रात्री उपाशीपोटी बिचाऱ्याचा डोळा लागला होता.

"गेनबा, बायकापोरं घे आणि माझ्या राज्यातून चालता हो!"

गेनबा बोचकं बांधायला निघाला. या वयात कुठं जायचं त्यानं?

मग राजानं दवंडी पिटवली, "रांजणातली सगळी शिल्लक चोरांच्या बंदोबस्ताला!" लोक म्हणाले, वा राजा, वा!

भर दरबारात रांजण आणला. राजानं आत हात घातला. अगं बाई! हात कोपरापर्यंत तेलानं माखला. पुन्हा घातला, तर हाती आली भाकरी. तिसऱ्यांदा घातला, तर "भूं!" करून कुत्रंच बाहेर उडी मारून आलं! राजाची तर बोबडीच वळली.

"मा... माझे पैसे कुठं गेले?"

तेव्हा रांजण बोलला. हो, माणसासारखा बोलला! "राजा, चोरांचा बंदोबस्त मागितलास ना? तोच देतोय. तूच आणून टाकला होतास माझ्यात."

राजा भाकरीकडे बघतच राहिला. मग बोचकं घेऊन दाराशी निरोपाला आलेल्या गेनबाकडे बघितलं, आणि राजाची मान खाली गेली.

"चोराला वाट मीच करून दिली रे," तो म्हणाला. "कुठं जाऊ नकोस. आधी ही खा."

मग दिवे लागले, पहारेकरी जेवले. कुत्र्यानं राजकन्येचे पाय हुंगले आणि थेट चोराचं दार गाठलं. वाळे पुन्हा छुमछुम वाजू लागले, नगर सुखानं झोपू लागलं.

तुम्हीही झोपा आता. दिवा मालवू? नको? बरं, राहू दे तेवत. तेल जळेल तेवढं जळू दे.