लाल मांडवातले भटजी

विड्या वळणाऱ्या बायकांच्या एका गावात एक वृद्ध मास्तर राहत. कम्युनिस्ट पक्षाचा अभ्यासवर्ग ते चालवीत. देवळाची पायरी त्यांनी आयुष्यात चढली नव्हती, आणि पाया पडायला कुणी वाकलं की ते चक्क चिडत. मुरलीधर हा त्यांचा लाडका शिष्य. हुशार, तडफदार, आणि एकदा बोलायला लागला की थांबायचं नाव नाही.

या मुरलीधरचं लग्न ठरलं इंदुमतीशी. दोघंही पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्ते. कारखानदार चांगल्या विड्याही खराब ठरवून बाजूला काढी आणि बायकांची मजुरी बुडवी. त्याच्या दारात युनियनच्या बायकांना घेऊन ठाण मांडणारी ती हीच इंदुमती.

मुरलीधर मास्तरांना आमंत्रण द्यायला गेला. "मास्तर, हुंडा नाही, मंगळसूत्र नाही, भटजी तर नाहीच नाही! लाल बावट्याखाली हार घालायचे, समतेची शपथ घ्यायची, झालं लग्न."

"छान," मास्तर म्हणाले. "पण दोघंही पूर्णवेळ, तर पक्षाच्या तुटपुंज्या मानधनावर घरात चूल कशी पेटणार?"

"त्याची सोय झालीय. इंदू युनियन सोडून शाळेत नोकरी धरणार. आपल्या सगळ्यांच्या घरी तसंच तर चालतं."

"तिला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?" मुरलीधर हसला.

मास्तरांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. आता इथेच त्यांनी चार शब्द सुनावले असते तर काम भागलं असतं, असं आपल्याला वाटेल. पण व्याख्यानं ऐकून शहाणा होणाऱ्यांतला हा मुलगा नव्हता. तो स्वतःच व्याख्यानं देत असे.

लग्नाच्या सकाळी मांडव भरला. आणि बघतात तो काय, मास्तर गावच्या भटजींचा हात धरून आत येताहेत! भटजी बिचारे कावरेबावरे झालेले. एकच गलका उठला. "म्हातारपणी डोकं फिरलं यांचं," असंही कुणी म्हणालं.

मुरलीधर संतापला. "मास्तर, ही काय थट्टा मांडलीय? चारचौघांत शोभा करताय माझी!"

"थट्टा नाही, बाबा," मास्तर शांतपणे म्हणाले. "कन्यादान घ्यायचंच आहे, तर रीतसर घे. या मुलीचं काम, तिनं उभ्या केलेल्या बायका, तिचं पुढचं सगळं आयुष्य तू परस्पर आपल्या संसारात जमा करून टाकलंस. दान याहून वेगळं काय असतं? हे भटजी निदान ते मोठ्यानं म्हणतात, सगळ्यांना ऐकू जातं. तू मनातल्या मनात उरकलंस, आणि वर समतेची शपथ घ्यायला उभा राहिलास. दुसऱ्याचे श्रम न विचारता आपले धरणाऱ्या मालकाला आपण काय म्हणतो, तेही आता मीच सांगू?"

  मुरलीधर इंदुमतीकडे वळला.

"इंदू, युनियन सोडायची इच्छा आहे तुझी?"

"नाही," ती म्हणाली. "तू मला फार आवडतोस, मुरली. पण ज्या बायकांना मी त्या दारात बसवलं, त्यांना आता 'तुमचं तुम्ही बघा' असं कोणत्या तोंडानं सांगू? महिनाभर हे गिळून बसलेय. वाटलं होतं, कधीतरी विचारशील."

मुरलीधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं," तो म्हणाला. "शाळेतली नोकरी मी धरतो."

"अरे, वेडा की काय!" मागून एक ज्येष्ठ कार्यकर्ते ओरडले. "तुला जिल्हा समितीवर घ्यायचं ठरतंय. तिथे कोण जाणार मग?"

"इंदू जाईल," मुरलीधर ताडकन म्हणाला. आणि लगेच त्यानं जीभ चावली. तो तिच्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "म्हणजे, तुला जायचंय का?"

मास्तरांनी भटजींना बसायला खुर्ची दिली आणि हार पुढे केले.