साळिंदररावांचं अंगण

जंगलात घरोघरी गाडी आली, त्या काळची ही गोष्ट. रस्त्यावर जागा उरेना, तेव्हा कारभारी मुंगूसरावांनी ठरवलं, की ज्याच्या घराला अंगण नाही त्यालाच रस्त्यावर गाडी लावायचा परवाना, म्हणजे पळसाचं एक पान, मिळेल.

साळिंदररावांचं अंगण त्यांच्याच गळलेल्या काट्यांनी भरलं होतं. लागतील कधीतरी, म्हणून जपलेले. "मला अंगणच नाही," असं सांगून त्यांनी शेवटचं पान मिळवलं.

बिनअंगणाच्या ससीणबाई हात हलवत परतल्या. संध्याकाळी त्यांनी काटे बाजूला सारून साळिंदररावांच्या अंगणात खुशाल गाडी लावली.

"अहो बाई, हे अंगण माझं आहे," साळिंदरराव सगळ्यांदेखत ओरडले.

"असं का?" मुंगूसराव म्हणाले. "मग पान बाईंना द्या, आणि काटे आवरायला घ्या."