चुलीवरचा कोपरा

फार वर्षं झाली या गोष्टीला. समुद्राकाठच्या एका गावात एक सुपारीवाला राहत होता. माणूस लाखमोलाचा, पण त्याला एक खोड होती. 'नाही' हा शब्द काही केल्या त्याच्या तोंडून निघायचा नाही. जेवायला या म्हटलं की "येऊ की!" बारशाला या म्हटलं की "जमवतो, जमवतो!" आणि यजमान बसलेत आपले पान वाढून वाट बघत. आपल्यातही असे कमी नाहीत म्हणा.

हा सुपारीवाला दरवर्षी गलबतात माल भरून समुद्रापलीकडच्या एका बेटावर जायचा. वारा फिरेपर्यंत परतता यायचं नाही, म्हणून चार महिने तिथेच मुक्काम. पहिल्याच वर्षी तो तापाने फणफणला. बंदरावर कुणी ओळखीचं ना पाळखीचं. तेव्हा जाळी विणणाऱ्या एका माणसाने त्याला उचलून घरी नेलं आणि त्याच्या बायकोने पेज भरवून त्याला उठवून बसवलं.

तेव्हापासून तो त्यांच्याकडेच उतरू लागला. त्यांची बोली शिकला, चुलीपुढे मांडी घालून जेवू लागला. जाळीवाल्याची बायको त्याला भावजी म्हणायची. जाळीवाला म्हणायचा, "गड्या, तू चुकून पलीकडे जन्मलास बघ!"

त्या बेटावर एक रीत होती. दरवर्षी पावसाळ्याआधी छपरं झावळ्यांनी शाकारायची आणि चार कोपरे घरच्याच चार माणसांनी बांधायचे. ज्याचा कोपरा त्यानेच बांधायचा. त्याला यायला जमणार नसेल तर त्याने 'माझ्यावाचून बांधा' असा निरोप धाडायचा. निरोप नसताना दुसऱ्या कुणी गाठ मारली, तर ज्याचा कोपरा तो मेला असं धरायचं. जाळीवाल्याच्या घरात मूलबाळ नव्हतं. दोन कोपरे नवरा-बायकोचे, तिसरा त्याच्या भावाचा, आणि चौथा, चुलीवरचा, त्यांनी सुपारीवाल्याला दिला. पंधरा वर्षं त्याने तो बांधला.

पुढे सुपारीवाल्याच्या गावातच मोठी पेठ वसली. माल घरबसल्या खपू लागला. मग कशाला कोण खारं वारं खात जातो? बेटावरची फेरी बंद झाली.

पहिल्या वर्षी गलबताचा तांडेल परत आला तो थेट त्याच्या दारात. "तुमचा तो जाळीवाला धक्क्यावर येऊन बसतो हो. येणार की नाही, एवढंच सांगा म्हणतो. नाही तर नाही, त्याला राग नाही."

सुपारीवाल्याचा जीव कळवळला. येणार नाही हे त्याला पुरतं ठाऊक होतं. पण नाही कसं म्हणायचं? काय वाटेल त्यांना? इतकं केलं त्यांनी माझ्यासाठी! तो म्हणाला, "सांग, खुशाल आहे. पुढच्या वर्षी नक्की येतो."

कोपऱ्याची आठवण त्याला झाली नाही असं नाही. पण 'घेतला असेल बांधून कुणीतरी, झावळ्यांचं ते काय मोठंसं!' असं म्हणून त्याने ती झटकून टाकली. दुसऱ्या वर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर. अशी सात वर्षं गेली. आठव्या वर्षी तांडेल आला, पण त्याने काही विचारलंच नाही.

एव्हाना सुपारीवाला म्हातारा झाला होता. बायको गेलेली, मुलं आपापल्या व्यापात. घरात बोलायला माणूस नाही. त्याला सारखं वाटायला लागलं की आपलं म्हणावं असं घर आता एकच उरलंय. त्याने वहिनीसाठी लुगडं घेतलं, मित्रासाठी शाल घेतली आणि नवव्या वर्षी गलबतात जाऊन बसला.

जाळीवाला अंगणात जाळं विणत होता. पार वाळून गेला होता. त्याने मान वर केली, क्षणभर बघितलं आणि म्हणाला, "या. बसा."

पंधरा वर्षांत त्याने कधी या-बसा म्हटलं नव्हतं. त्याने पाहुण्यांचा पाट आणून अंगणातच मांडला.

"वहिनी कुठंय?"

"गेली. दोन वर्षं झाली."

सुपारीवाल्याच्या हातातलं लुगडं हातातच राहिलं. "अरे, पण कशानं?"

"चुलीवरचा कोपरा उघडा होता ना. पावसाळाभर ओल्यात स्वयंपाक. मी चटया टाकायचो, वारा उडवून न्यायचा. खोकला धरला तो धरलाच."

"अरे वेड्या, मग बांधायचा नाहीस का?"

"मी दोरी घेऊन चढलो होतो. तिनं शिडी धरली आणि मला खाली उतरवलं. म्हणाली, भावजी खुशाल आहेत, येणार आहेत, जित्या माणसाचा कोपरा बांधायचा नाही." जाळीवाल्याचा हात थांबला. "तांडेल दरवर्षी सांगायचा ना, तुम्ही खुशाल आहात म्हणून. तुम्ही मेल्याची खबर आली असती, तर ती जगली असती."

सुपारीवाला ढसाढसा रडायला लागला. त्याने मित्राचे पाय धरले. "मार मला, शिव्या दे. पण मला इथं राहू दे. मला दुसरं कुणी नाही रे! या वर्षी कोपरा मी बांधतो."

"बांधून झालाय," जाळीवाला म्हणाला. "ती गेली त्याच दिवशी मी बांधला." त्याने हळूच आपले पाय सोडवून घेतले. "वारा फिरेपर्यंत बंदरावरच्या धर्मशाळेत सोय होईल. तिथली माणसं चांगली आहेत."

चार महिने सुपारीवाला धर्मशाळेत राहिला. रोज तो धक्क्यावर येऊन बसायचा. जाळीवाला एकदाही आला नाही. वारा फिरला आणि गलबत त्याला घेऊन निघालं.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: जायचं नसेल तर वेळेवर 'नाही' म्हणा. तोंडदेखल्या 'येतो'वर कुणीतरी खरंच विसंबून बसलेलं असतं.