निघालेला पट्टा

फार पूर्वी उंदरांनी बिळातले पाणी उपसायला पंप बसवला होता. नदी चढू लागली आणि त्याचा पट्टा तुटला. उंदरीण दुकानदार कावळ्याकडे धावली.

"भाऊजी, पट्टा मिळेल?"

"निघालाय, वहिनी. येईलच इतक्यात."

त्या शब्दावर तिने पिल्ले बिळातच ठेवली. पाणी त्यांच्या शेपट्यांना लागले, तशी ती परत कावळ्याकडे आली.

"निघालाय म्हटलं ना! पंख लावू का त्याला?"

पाणी पिल्लांच्या पोटाला लागले. तिसऱ्यांदा येऊन तिने विचारले, "भाऊजी, कुठून निघालाय?"

कावळ्याने मान खाली घातली. "माझ्या तोंडून. मागवायचाच राहिला."

"सकाळीच 'नाही' म्हणायचं होतं हो!"

ती उलट्या पावली बिळाकडे धावली. पिल्ले आठ होती, आणि तोंडात एका वेळी एकच मावत होते.