यवनराज निकसेनाचे रजतमुख

कलियुगाची पावले भूतलावर नुकतीच उमटू लागली होती, त्या काळी वितस्तेच्या उत्तर तीरावर निकसेन नावाचा यवनराजा राज्य करीत होता. पराक्रमी, प्रजावत्सल, आणि रूपाचा गर्व म्हणाल तर अंमळ जास्तच. त्याच्या पूर्वजांच्या रौप्यनाण्यांवर देवाचे मुख असे. त्या जागी मर्त्याने आपले तोंड खुपसू नये, असा त्यांचा कुलाचार होता. निकसेनाने तो मोडला. कुरळ्या केसांवर राजपट्ट बांधलेले आपले तरुण मुख त्याने नाण्याच्या एका अंगावर उमटविले, आणि दुसऱ्या अंगावर पुष्पमाला घेतलेली पंखवती विजयदेवी. पहिले नाणे त्याने पाळण्यातल्या आपल्या कन्येच्या, हेलिकेच्या, गळ्यात बांधले.

पुढे पश्चिमेच्या शत्रूवर स्वारी ठरली, तेव्हा विजयासाठी तो देवदारूंच्या गर्द छायेतील औदलमुनींच्या आश्रमी आला. यज्ञ निर्विघ्न पार पडला. प्रसन्न झालेल्या मुनींनी वर माग म्हणताच राजा हात जोडून म्हणाला, "भगवन्, माझे हे मुख कधीही जीर्ण न होवो. मी कितीही काळ दूर राहिलो, तरी माझ्या कन्येला तिचा पिता असाच दिसो."

"तथास्तु," मुनी म्हणाले.

हर्षभरित राजाने दक्षिणा म्हणून आपल्या नव्या नाण्यांची रास वेदीवरील दर्भांवर ओतली, आणि वेदीभोवतीचे शिष्य दचकून मागे सरले. रुद्राचा अश्रू भूमीवर पडला, त्याचे रुपे झाले. म्हणून दर्भांवर रुपे ठेवीत नाहीत, ठेवणाऱ्याच्या घरी रडणे येते. आश्रमातल्या प्रत्येकाला हे ठाऊक होते, म्हणूनच परक्या यजमानाला ते सांगायचे कोणाला सुचले नाही. चूक कोणाची म्हणावी?

मुनी आसनावरून उठले. "राजन्, दिलेला वर मला परत घेता येत नाही, आणि वेदीवर ठेवलेला अश्रूही परत उचलता येत नाही. तुझे मुख रुप्यात अम्लान राहील. जग मात्र तेवढ्याच मुखाला ओळखील."

युद्धात राजाचे सारे सैन्य कापले गेले. अनेक वर्षांच्या बंदिवासानंतर, गालावर खोल व्रण आणि छातीवर पांढरी दाढी घेऊन, तो एकटाच नगरद्वारी परतला. द्वारपालांनी कमरेचे नाणे काढून त्याच्या तोंडाशी धरले आणि त्याला हसून वाटेला लावले. राणी केव्हाच निवर्तली होती. तो द्वाराशीच बसून राहिला, तेव्हा अखेर हेलिका स्वतः बाहेर आली. तिने गळ्यातले नाणे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले, पुन्हा नाणे पाहिले.

"आजोबा, तुम्ही दमलेले दिसता, आधी पाणी घ्या," ती मायेने म्हणाली. "पण माझे तात असे नाहीत. मी त्यांना रोज पाहते."

निकसेनाने ओंजळ पुढे करून तिच्या हातचे पाणी घेतले. तिने त्याला द्वाराशेजारच्या खोलीत ठेवून घेतले, रोज आपल्या हाताने अन्न वाढले. सायंकाळी ती तटावर बसून पित्याची वाट पाही, तेव्हा सोबतीला म्हणून तोही शेजारी बसे. त्याच्या अंत्यसमयी तिने परक्या म्हाताऱ्याचे डोळे मिटले, आणि नित्याप्रमाणे ती तटावर गेली.

तेव्हापासून रुपे काळवंडते, असे त्या तीरावरचे लोक सांगतात. पुरात दरड कोसळली की तशी नाणी वर येतात. घासून पुसली तर आत तोच तरुण राजा दिसतो. तो कोण, हे कोणालाच सांगता येत नाही.