कुसळीचा माळ

माणसांनी माळाला पडीक म्हणायला सुरुवात केली, त्या काळातली ही गोष्ट. माळाचं भलं करायचं म्हणून कुणीतरी मधोमध एक सुबाभूळ लावली. ती भराभर वाढली आणि खालच्या कुसळी गवताला म्हणाली, "ए बोचरे, सरक जरा. ना तुझी सावली, ना तुला फांदी. या बिचाऱ्या चंडोलाला गायला बसायची सोय नाही."

कुसळीच्या बुडाशी चंडोलाचं घरटं होतं, त्यात मातकट अंडी. चंडोल म्हणाला, "बाई, माझ्या मागच्या बोटाचं नख लांब, सरळ. मला फांदी धरवत नाही. आम्ही जमिनीवरची माणसं."

"मग फांदी धरणारे येतील!"

आला, कावळा आला. उघड्या माळावर त्याला टेहळायला जागाच नव्हती. आता फांदीवरून सगळा माळ दिसत होता. चंडोलीण अंड्यांवरून उठलेली त्याने पाहिली आणि तो उतरून गवतात शिरला.

"ये, ये आत," कुसळी म्हणाली. तिची वाळलेली टोकदार कुसळं त्याच्या पिसांत, पायांत, डोळ्यांच्या कडेला रुतली. अंड्यांपर्यंत न पोचताच तो कोकलत पळाला.

"फांदी तुझी, पाहुणाही तुझाच," कुसळी सुबाभळीला म्हणाली. "आणि गाण्याची काळजी तू करू नकोस. चंडोला, दाखव रे हिला."

चंडोल सरळ वर उडाला. सुबाभळीच्या शेंड्याच्या कितीतरी वर, आभाळात ठिपका होऊन, तो गाऊ लागला. माळाच्या चारी टोकांना ते ऐकू गेलं.